फाइव्ह नाइन, पुन्हा सांगा

हौशी रेडिओ स्पर्धेची दुसरी पहाट. चाळीस मीटरचा बँड (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) ठासून भरलेला. एक दणदणीत स्टेशन सीक्यू (‘कुणीही उत्तर द्या’ अशी हाक) देतंय आणि त्याच्या आवाजाच्या तळाशी कुठूनतरी एक बारीक सिग्नल उत्तर देतो. दणदणीत स्टेशन लगेच म्हणतं, ‘फाइव्ह नाइन!’ म्हणजे तुमचा शब्द न् शब्द कळतोय आणि सिग्नल कमालीचा तगडा आहे. मग त्याच श्वासात पुढे, ‘कॉलसाइन पुन्हा सांगा. पुन्हा. शेवटची दोन अक्षरं पुन्हा.’ कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं अक्षरी नाव, चारदा विचारून झालं की ‘थँक यू’ आणि पुढच्याला हाक. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींत हा विनोद इतका जुना झालाय की आता त्यावर कुणी हसतही नाही. मला मात्र तो खटकत राहतो. धड ऐकू आलेलं नसतं तेव्हाही तोंडातून निघतं ते ‘उत्तम ऐकू येतंय’ हेच, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

सिग्नल कसा येतोय ते आकड्यांत सांगायची आरएसटी पद्धत १९३४ साली आर्थर ब्राटन यांनी सुचवली. बोलणं किती समजतंय ते १ ते ५, सिग्नलची ताकद १ ते ९ आणि मोर्ससाठी स्वराचा स्वच्छपणा १ ते ९. त्या काळच्या ट्रान्समीटरमध्ये वीजपुरवठ्याची गुणगुण स्वरात मिसळायची, त्यामुळे तो तिसरा आकडाही खरोखर कामाचा होता. आज लॉगिंगच्या (संपर्कांची नोंद ठेवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये कॉलसाइन टाइप झाला की रिपोर्टच्या चौकटीत ५९ किंवा ५९९ आपोआप भरला जातो. कुणी प्रामाणिकपणे ‘थ्री फोर’ दिला तर समोरचा बिचकतो, कारण आता चौकटीत जाऊन आकडा हाताने बदलायचा, म्हणजे दोन सेकंद गेले. त्यामुळे देवाणघेवाणीतली खरी माहिती नंतरच्या तुकड्यात सरकली आहे. सीक्यू वर्ल्डवाइड स्पर्धेत जगाच्या १ ते ४० मधला आपला झोन, काही स्पर्धांत अनुक्रमांक. अमेरिकेत १९३३ पासून जूनच्या चौथ्या शनिवार-रविवारी होणाऱ्या फील्ड डेने तर रिपोर्टच काढून टाकला. तिथे फक्त वर्ग आणि विभाग सांगायचा. ‘थ्री अल्फा’ म्हणजे एकाच वेळी चालणारी तीन स्टेशनं, बाहेर मोकळ्यावर मांडलेली. मला हे जास्त सरळ वाटतं. ऐकू कसं येतंय हे सांगायचंच नसेल तर निदान खोटं तरी सांगू नये.

क्लबची सहल निघते तेव्हाची सामानाची यादीही अशीच एकांगी असते.

रिग (रेडिओ संच), ट्यूनर (रिग आणि अँटेनाचा मेळ बसवणारा), मास्ट (अँटेनाचा खांब), कोॲक्स केबल, बॅटऱ्या, माइक, सुटा माइक, कीयर (मोर्स पाठवायचं यंत्र), एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा). सगळं आपला आवाज बाहेर कसा जाईल यासाठी. ऐकण्यासाठी काय घेतलंय असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘हेडफोन.’ खरं तर गाव सोडून टेकडीवर जाण्याचं सगळ्यांत मोठं कारण ऐकणं हेच आहे. घरी सात मेगाहर्ट्झवर एस-मीटरची (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरची) सुई काही न ऐकताच एस७ वर टेकलेली असते. शेजारचे एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्ट, केबलवाल्याचं खोकं, सगळ्यांची एकत्र खरखर. मोकळ्या माळावर तीच सुई एस२ वर येते असं धरू. एक एस म्हणजे ६ डेसिबल, तेव्हा पाच एस म्हणजे ३० डेसिबल, म्हणजे हजारपट. (बऱ्याच रिगच्या मीटरवर एस९ खालचा एक एस सहा डेसिबलचा नसतोच, पण हिशेबाचा सूर तोच राहतो.) घरी बसून हाच फायदा हवा असेल तर समोरच्याने १०० वॉटऐवजी १०० किलोवॉट सोडायला हवेत. उलट आपण १०० वॉटचं स्टेशन एक किलोवॉटवर नेलं तर मिळतात जेमतेम १० डेसिबल, दोन एससुद्धा नाहीत. एवढा साधा हिशेब असूनही सहलीच्या बैठकीत चर्चा रंगते ती ॲम्प्लिफायर न्यायचा की नाही यावर.

आणि मग आपणच खरखर सोबत घेऊन जातो. सौर पॅनेलचा एमपीपीटी (चार्जिंगचा) कंट्रोलर, लॅपटॉपचा ॲडॉप्टर, तंबूतली एलईडी पट्टी, फोनचं यूएसबी चार्जर, इन्व्हर्टर जनरेटर. हे सगळे आत दहा-वीस किलोहर्ट्झपासून पुढे चालू-बंद होणारे स्विच आहेत आणि त्यांच्या हार्मोनिक्सची (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटींची) माळ थेट तीस मेगाहर्ट्झपर्यंत जाते. रिसीव्हर फिरवताना ठरावीक अंतरावर खरखरीचे उंचवटे लागले, ते जरा डोलत असले आणि ढग आल्यावर त्यांची जागा सरकली, तर तो कंट्रोलर. यावर उपाय सोपा आहे आणि स्वस्तही. दोन बॅटऱ्या ठेवायच्या. एक स्टेशनवर, दुसरी पॅनेलपाशी, आणि पॅनेल अँटेनापासून शक्य तितकं लांब. बॅटऱ्यांची अदलाबदल करायची, वायर ओढायची नाही. कारण ती लांब वायरच खरखरीची अँटेना होते.

जायच्या आधी एक दुपार यासाठी काढावी असं मी म्हणेन. रिग बॅटरीवर, अँटेना जोडलेली, बाकी सगळं बंद. ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झवर रिकामी जागा शोधून सुई कुठे आहे ते लिहून ठेवायचं. फिल्टरची रुंदी आणि प्रीॲम्पची (आलेला सिग्नल आधीच वाढवणाऱ्या भागाची) स्थिती प्रत्येक वेळी तीच ठेवायची, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही. मग एकेक वस्तू चालू करायची. लॅपटॉप बॅटरीवर, लॅपटॉप ॲडॉप्टरवर, लॅपटॉप यूएसबीने रिगला जोडलेला, राउटर, दिवे, पंखा. कुठल्या वस्तूने कुठल्या बँडवर सुई किती उचलली याचा तक्ता तयार होतो आणि सहलीच्या दिवशी तासभर चालणारा ‘ही खरखर कुठून येतेय’ हा खेळ वाचतो. बहुतेक वेळा गुन्हेगार एखादा चपटा, नाव नसलेला ॲडॉप्टर निघतो. तो घरी ठेवायचा. लॅपटॉपला बाहेर चालेल असा, आधी तपासून घेतलेला बारा व्होल्टचा कन्व्हर्टर लागतो, किंवा सरळ दोन सुट्या बॅटऱ्या.

वायरवरची खरखर अडवणाऱ्या फेराइटबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. वायरवर चाप लावून बसणारं एक मणीवजा फेराइट लावलं की काम झालं असं वाटतं. सात मेगाहर्ट्झवर एकाच फेऱ्याचा अडथळा इतका किरकोळ असतो की लावला काय, न लावला काय. अडथळा वाढतो तो वेढ्यांच्या वर्गाने. एक वेढा जिथे एक, तिथे नऊ वेढे जवळजवळ ८१ पट, निदान वेढ्यांमधली कपॅसिटन्स आड येईपर्यंत. म्हणून मोठं कडं हवं, साधारण सहा सेंटिमीटर व्यासाचं, आणि मिश्रण ३१ नंबरचं. ४३ नंबर वरच्या बँडना चालतं, खालच्या बँडवर ३१ बरं. आरजी-५८ या बारीक कोॲक्सचे दहा-बारा वेढे अशा कड्यावर घेऊन तो चोक अँटेनाच्या फीडपॉइंटला (केबल जोडतात तिथे) लावला की दोन कामं होतात. ट्रान्समिट करताना कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीवरून परत येणारा आरएफ (रेडिओ लहरींचा प्रवाह) अडतो, म्हणजे माइकला झिणझिण्या येत नाहीत, यूएसबी गोठत नाही, कीयर मधेच स्वतःचे ठिपके घालत नाही. आणि ऐकताना तंबूतली खरखर त्याच जाळीवरून अँटेनापर्यंत चढत नाही. पहिल्या कामासाठी चोक लावणारे पुष्कळ असतात. दुसरं काम त्याहून मोलाचं आहे, पण ते दिसत नाही. यूएसबी न गोठणं लक्षात येतं. खरखर दोन एसने कमी झाली हे चोक काढून पाहिल्याशिवाय कळत नाही आणि चालू स्पर्धेत चोक कोण काढणार?

दोन-तीन स्टेशनं एकाच मैदानात लावली की खरी गंमत सुरू होते. चाळीस मीटरवाल्याने ७.१ वर बोलायला सुरुवात केली की तिसरा हार्मोनिक २१.३ वर, पंधरा मीटरवाल्याच्या अगदी फोन (बोलून संपर्क करायच्या) बँडात. ऐंशी मीटरवाला ३.५५ वर, तर त्याचा दुसरा ७.१ ला, चौथा १४.२ ला, सहावा २१.३ ला. आपले पारंपरिक बँड एकमेकांच्या पटीत आहेत, ही त्याची किंमत. प्रत्येक रिगला त्या-त्या बँडचा बँडपास फिल्टर (फक्त तोच बँड जाऊ देणारा) लावला तर पुष्कळ सुटका होते, पण तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. फिल्टर रिग आणि ट्यूनर यांच्या मधे बसतो, ट्यूनरच्या पलीकडे नाही. बिघडलेल्या एसडब्ल्यूआरवर शंभर वॉट सोडले तर त्यातले कपॅसिटर जातात. बँड बदलला की फिल्टर बदलायचा, आणि रात्री दोन वाजता हे विसरलं जातं. म्हणून फिल्टरवर आणि रिगच्या वरच्या बाजूला एकाच रंगाच्या पट्ट्या चिकटवलेल्या बऱ्या. तिसरी गोष्ट अशी की दोघं एकाच बँडवर असतील, एक मोर्सला आणि एक फोनला, तर फिल्टर काहीच करू शकत नाही. तिथे अंतर आणि दिशा एवढंच हाताशी उरतं. दोन डायपोल (मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेना) समांतर बांधले तर ते एकमेकांना भरपूर ऐकतात. एका रेषेत, टोकाला टोक करून बांधले तर सगळ्यांत कमी, कारण डायपोलच्या टोकांच्या दिशेला त्याचा आवाज मुळातच पडलेला असतो. मैदानाचा नकाशा काढताना आधी सावली, मग गाडी लावायची जागा आणि शेवटी अँटेना असा क्रम असतो. तो उलटा हवा.

शेजारच्या स्टेशनमुळे किंवा रात्रीच्या सात मेगाहर्ट्झवरच्या तगड्या सिग्नलमुळे रिसीव्हरचा पुढचा टप्पा गुदमरतो तेव्हा सगळा बँडच कुजबुजत असल्यासारखा वाटतो. एजीसी (आवाज आपोआप कमी-जास्त करणारं सर्किट) सिग्नलच्या तालावर दबत-सुटत राहतो, बारीक स्टेशनं पुसली जातात. यावरचं औषध प्रत्येक रिगच्या तोंडावर असतं, ॲटेन्युएटरचं बटण. १० किंवा २० डेसिबल कमी करा, प्रीॲम्प बंद करा, आरएफ गेन खाली घ्या. सुई खाली येते, खरखर खाली येते आणि मघाचं स्टेशन वर येतं. खालच्या बँडवर बाहेरून येणारी खरखर रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा कितीतरी जास्त असते, तेव्हा थोडा सिग्नल फेकून दिल्याने काही हरवत नाही. पण ऐकू येत नसताना सिग्नल आणखी कमी करायचा हे मनाला पटत नाही. हात जातो तो व्हॉल्यूमकडे.

अँटेनाबद्दल लिहायचं तर लेख संपणार नाही, म्हणून जिथे हमखास अडतं तेवढंच. डायपोलची लांबी मीटरमध्ये १४३ भागिले मेगाहर्ट्झ, १४.२ साठी १०.०७, ७.१ साठी २०.१४. प्लास्टिक आवरणाची वायर असेल तर ती या हिशेबापेक्षा थोडी लांब निघते, म्हणजे रेझोनन्स (तार जिथे सुरात बसते ती फ्रिक्वेन्सी) खाली सापडतो. कापायची किती हे अंदाजाने ठरवू नये. वायर एकूण २०.६० मीटर असेल, रेझोनन्स ६.९० ला मिळाला आणि हवा असेल ७.०५ ला, तर २०.६० गुणिले ६.९० भागिले ७.०५, म्हणजे २०.१६. फरक ४४ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना २२-२२. आणि कापू नका, दुमडून मागे पिळून ठेवा. पुढच्या वेळी ओल्या मातीवर तीच वायर वेगळं सांगेल. मोजमाप पूर्ण उंचीवर घ्यायचं. जमिनीपासून मीटरभर उंचीवर मोजून वर चढवलेला डायपोल वर गेल्यावर तोच आकडा देत नाही. दहा मीटरचा फायबरचा मास्ट सात मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबी उंच होतो, म्हणजे बराचसा सिग्नल डोक्यावर जातो आणि काहीशे किलोमीटरच्या परिसरात छान पडतो. तोच मास्ट चौदा मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी, तिथे झोत क्षितिजापासून साधारण तीस अंशांवर येतो आणि लांबची स्टेशनं मिळायला लागतात. एकाच मास्टवरून ‘चाळीसवर जवळचेच मिळतात, वीसवर परदेशी’ असं होतं तेव्हा दोष रिगचा नसतो.

मास्टची वरची दोन नळकांडी पेन्सिलीएवढी असतात. त्यांच्यावर बॅलन (डायपोल आणि कोॲक्स जोडणारी डबी) आणि दहा मीटर कोॲक्सचा भार टाकायचा नाही. आरजी-५८ मीटरला साधारण चाळीस ग्रॅम, म्हणजे नुसत्या केबलचेच चारशे ग्रॅम, आणि वारा आला की ते दुप्पट वाटतं. ती दोन काढून ठेवली तर मीटर-दीड मीटर उंची जाते, पण मास्ट उभा राहतो. दोर तीन, एकमेकांपासून १२० अंशांवर, मास्टच्या दोन-तृतीयांश उंचीला बांधलेले आणि खुंट्या मास्टच्या निम्म्या उंचीइतक्या तरी लांब. प्रत्येक दोराला डोळ्यांच्या उंचीवर भडक कापड. विजेच्या तारा दिसत असतील तर मास्ट कुठल्याही बाजूला आडवा पडला तरी पोचणार नाही, त्याच्याही दुप्पट अंतर ठेवायचं. या एका नियमाला अपवाद नाही.

वीज. शंभर वॉटची रिग बोलताना शिखराला वीस अँपिअर ओढते, ऐकताना एखादं. फोनवर सरासरी काढली तर तासाला चार-पाच अँपिअर-तास, म्हणजे चोवीस तासांना शंभरच्या वर. लेड-ॲसिड असेल तर त्यातली निम्मीच वापरायची म्हणून दोनशेची बॅटरी, लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर सव्वाशे-दीडशे पुरे. हा हिशेब सगळे करतात. जो राहतो तो वायरचा. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरला मीटरमागे सुमारे सात मिलिओहम रोध. बॅटरी पाच मीटर लांब ठेवली तर जाऊन-येऊन दहा मीटर, म्हणजे सत्तर मिलिओहम. वीस अँपिअरला १.४ व्होल्ट वायरमध्येच गेले. बॅटरीवर १३.२ असतील तर रिगवर ११.८. बहुतेक रिगना १३.८ च्या खाली-वर पंधरा टक्के चालतात, म्हणजे तळ ११.७. बॅटरी जरा उतरली की बोलण्याच्या प्रत्येक ठोक्याला रिग तळाला टेकते आणि आवाज फाटतो. गंमत म्हणजे आपल्याला हे ऐकू येत नाही. पडद्यावर सगळं आलबेल. लांबचा कुणी ‘ऑडिओ खराब आहे’ म्हणेल तेव्हाच कळणार, आणि स्पर्धेत तो काय म्हणणार हे वर आलंच आहे. सहा चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर तोच तोटा पाऊण व्होल्टाच्याही आत राहतो. नाहीतर बॅटरी टेबलाखाली.

जनरेटर लागलाच तर वाऱ्याच्या खालच्या बाजूला, तीस मीटर लांब, तंबूपासून दूर. इंधन भरायचं ते बंद करून, थंड झाल्यावर. यापेक्षा जास्त त्याला शब्द द्यावेत असं मला वाटत नाही.

माणसांकडे वळलं पाहिजे, कारण शेवटचा रिसीव्हर माणूसच आहे. दोन तासांच्या वर सलग एका माणसाला बसवू नये. तिसऱ्या तासाला त्याचा वेग कमी होत नाही, पण तो चुकीचं ऐकायला लागतो आणि ते त्याला कळत नाही. शेजारी दुसरा माणूस हवाच, त्याच ऑडिओवर दुसरा हेडफोन लावून. स्पीकर नको, एका टेबलावरचा स्पीकर म्हणजे दुसऱ्या टेबलावरच्या माइकची खरखर. हा दुसरा माणूस लॉग टाइप करतो, यूटीसी (जागतिक वेळेचं) घड्याळ बघतो आणि मुख्य म्हणजे मुख्य ऑपरेटरने न पकडलेलं अक्षर कागदावर लिहून पुढे सरकवतो. नवशिक्याला बसवायची हीच जागा. पुष्कळ क्लब नव्या माणसाच्या हातात थेट माइक देतात, तो लाजतो, अडखळतो आणि पुढच्या वर्षी येत नाही. दोन तास नुसतं ऐकून, लॉग भरून मग माइक हातात आला की कॉलसाइन आपोआप तोंडात बसतात. फिल्टरची रुंदी २.४ किलोहर्ट्झवरून १.८ वर आणली तर गर्दीत थकवा कमी होतो, हेही त्याला तेव्हाच शिकवावं.

पाइलअपमधली (एकाच स्टेशनला अनेकजण एकदम हाक मारतात तेव्हाची) शिस्तही ऐकण्याचीच आहे. हाक मारणाऱ्याने पूर्ण कॉलसाइन एकदाच सांगावा आणि गप्प बसावं. चालवणाऱ्याने एखादा तुकडा पकडला की ‘फक्त अमुक अक्षरं असलेला’ असं म्हणून त्यालाच धरून ठेवावं. मधे ओरडणाऱ्या मोठ्या स्टेशनला घेतलं की सगळ्यांना कळतं इथे ओरडल्याने काम होतं, आणि पुढचा तासभर तेच चालतं. अनुक्रमांक सांगताना ‘फिफ्टीन’ नको, ‘वन फाइव्ह’. आणि समोरच्याने मागितलं तेवढंच पुन्हा द्यायचं. नंबर विचारला तर कॉलसाइन नको, नाहीतर तो कॉलसाइनच चुकला होता असं समजून आधीचं बरोबर उत्तर खोडतो. असं होताना ऐकलंय.

शिखरावरचे आणि उद्यानांतले कार्यक्रम इथे वेगळे पडतात. समिट्स ऑन द एअर २००२ च्या मार्चमध्ये सुरू झालं. शिखराच्या खाली उभ्या उंचीने २५ मीटरच्या आत बसायचं, सामान स्वतः वाहून न्यायचं, गाडीतून बोलायचं नाही आणि गुण हवे असतील तर चार संपर्क करायचे. पार्क्स ऑन द एअरला एका यूटीसी दिवसात दहा लागतात. पाच वॉट, पाठीवर चार किलो, वर शांत आकाश. या स्टेशनला सगळं जग ऐकू येतं आणि जगाला ते ऐकू येत नाही, कारण जग शहरातल्या एस७ च्या खाली बसलंय. ज्यांचं तोंड मोठं आणि कान छोटे, अशा स्टेशनांना हॅम भाषेत मगर म्हणतात. शिखरावरचा माणूस याच्या नेमका उलट. त्याला चार संपर्क व्हायला कधी दहा मिनिटं लागतात, कधी दीड तास, आणि त्या दीड तासात जे त्याला घेतात ते लांबच्या खेड्यात राहणारे, शांत जागी अँटेना असलेले लोक असतात. इथे रिपोर्ट खरे येतात. ‘थ्री वन, क्यूएसबी आहे, पण कॉलसाइन मिळाला.’ (क्यूएसबी म्हणजे सिग्नल वर-खाली होणं.) कुणाला घाई नसते.

एफटी८ या संगणकी पद्धतीने हा प्रश्न वेगळ्याच बाजूने सोडवला. जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी २०१७ मध्ये ते आणलं. पंधरा सेकंदांचे खाने, घड्याळ सेकंदभराच्या आत जुळलेलं हवं, आणि अडीच किलोहर्ट्झच्या खरखरीपेक्षा २१ डेसिबल खाली दबलेला सिग्नलही उलगडतो. रिपोर्ट तिथे संगणक देतो, उणे १७ तर उणे १७. भीडभाड नाही. मोबाइल नेटवर्क नसलेल्या डोंगरावर घड्याळ चुकलं की मात्र पडद्यावरच्या ‘धबधब्यात’ (सिग्नलच्या चित्रात) सिग्नल दिसतात आणि एकही अक्षर उमटत नाही. जीपीएसचं छोटं यूएसबी यंत्र सोबत असावं. सहलीत एफटी८ चं एक टेबल असायला माझी हरकत नाही. तीन टेबलं असली तर मात्र तंबूत स्मशानशांतता पसरते आणि बघायला आलेल्या पोरांना कळतच नाही इथे चाललंय काय.

त्या पोरांसाठी फॉक्स हंट, म्हणजे लपवलेले ट्रान्समीटर शोधायचा खेळ, उत्तम. आंतरराष्ट्रीय पद्धतीत पाच लपवलेले ट्रान्समीटर, एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने एकेक मिनिट वाजणारे. प्रत्येकाची ओळख मोर्समध्ये ‘एमओ’ आणि पुढे ठिपके. पहिल्याला एक, पाचव्याला पाच. साडेतीन मेगाहर्ट्झच्या लूप अँटेनाला अगदी टोकदार शून्य (सिग्नल नाहीसा होतो ती दिशा) मिळतं, पण दोन बाजूंना, म्हणून सेन्स अँटेनाचं बटण दाबून खरी बाजू ठरवायची. १४४ ला तीन काड्यांची यागी अँटेना आडवी धरायची, उभी नाही, कारण तिथले ट्रान्समीटर आडव्या ध्रुवणाचे असतात. त्या बँडवर खडकाची भिंत आणि तारेचं कुंपण हमखास फसवतं, म्हणून एकाच जागेवरून घेतलेल्या दिशेवर विश्वास ठेवायचा नाही. जवळ पोचल्यावर सगळीकडूनच सारखा जोरात ऐकू यायला लागतो. मग ॲटेन्युएटर, तोही पुरला नाही तर रिसीव्हर पाच किलोहर्ट्झ बाजूला सरकवायचा, आणि अगदीच जवळ आल्यावर हँडी (हातातला छोटा रेडिओ) छातीशी धरून गोल फिरायचं. आवाज सगळ्यांत बारीक होतो तेव्हा ट्रान्समीटर पाठीमागे असतो. मोठ्या माणसांनीही वर्षातून एकदा हे करावं. बारीक आवाजाकडे लक्ष देण्याची सवय लागते.

स्पर्धेचा निकाल काही महिन्यांनी येतो आणि लॉग पाठवणाऱ्यांना मोठ्या स्पर्धांत तपासणीचा अहवालही मिळतो. आपण लिहिलेला प्रत्येक संपर्क समोरच्याच्या लॉगशी ताडून पाहिलेला. कुठला कॉलसाइन चुकीचा लिहिला, कुठला नंबर चुकला, कोण आपल्या लॉगमध्ये आहे पण त्याच्या लॉगमध्ये आपण नाही. गुणांचा तक्ता क्लबच्या भिंतीवर लागतो, हा अहवाल मात्र ईमेलमध्ये पडून राहतो. खरं तर तो छापून प्रत्येक चुकीसमोर ऑपरेटरचं नाव आणि वेळ लिहावी. नमुना लगेच दिसतो. फोनला ब्राव्हो-डेल्टा-व्हिक्टरऐवजी नुसतं बी, डी, व्ही ऐकून लिहिलेल्या जागा एका माणसाच्या पाळीत एकत्र सापडतात. मोर्समध्ये तीन ठिपक्यांचा एस चार ठिपक्यांचा एच होतो, चारचा पाच होतो, व्ही चा ४, जे चा १, आणि या चुका बहुधा मध्यरात्रीनंतरच्या असतात. स्पर्धा संपल्यावर डेटाबेस पाहून कॉलसाइन दुरुस्त करणं नियमात बसत नाही, तेव्हा इलाज आधीच करायचा. त्या ऑपरेटरला सकाळची पाळी द्यायची आणि कीयर मिनिटाला २८ शब्दांवरून २४ वर आणायचा, म्हणजे समोरचाही त्याच वेगाने उत्तर देतो.